हक्कदार सापडत नाहीत, पुस्तके मात्र संपत चालली आहेत

प्रति,
मा. सचिव,
उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभाग,
वाणिज्य आणि उद्योग मंत्रालय, भारत सरकार,
नवी दिल्ली

सादर नमस्कार.

आपल्या कार्यालयात मराठीतले पत्र क्वचितच येत असेल. तरीही हे मराठीतच लिहिते आहे. ज्या पुस्तकांबद्दल लिहायचे आहे ती मराठी आहेत, आणि ज्यांच्यासाठी ती लिहिली गेली त्या वाचकांनाही हे कळायला हवे.

मी एका तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल आहे. या कामाला २६ वर्षे झाली. वाचनालय स्वातंत्र्याच्या आधीचे आहे. देवघेव विभागाच्या मागे एक अरुंद खोली आहे, तिला सगळे ‘जुनी खोली’ म्हणतात. तिथल्या लोखंडी कपाटात १९५१ साली छापलेली, एका लेखिकेची एक कादंबरी आहे. मुखपृष्ठ गेले आहे. पाने चहाच्या रंगाची झाली आहेत. दाखल नोंदवहीत तिच्यापुढे कुणीतरी शाईने ‘जीर्ण’ असे लिहून ठेवले आहे, आणि ती शाईसुद्धा आता फिकी पडली आहे.

मागच्या वर्षी या कादंबरीसाठी नांदेडहून एक विद्यार्थिनी एसटीने आली. मराठी लेखिकांवर पीएच.डी. करत होती, चार-पाच ग्रंथालयांत विचारून आमच्यापर्यंत पोहोचली होती. मी टेबलावर सुती कापड अंथरून पुस्तक तिच्यापुढे ठेवले. पान उलटले की कडेचा तुकडा पडायचा. झेरॉक्सच्या काचेवर पालथे घातले असते तर शिवण सुटून पाने हातात आली असती. तिने तीन दिवस बसून वहीत उतरवून घेतले. नेमक्या हव्या त्या पानांचे फोनवर फोटो काढू दिले. अभ्यासापुरती तेवढी मुभा कायदा देतो. निघताना ती म्हणाली, “मॅडम, हे सगळं स्कॅन करून ठेवा ना. पुढच्या वेळी कुणी आलं तर हे उरलेलं नसेल.”

तसा प्रस्ताव आम्ही आधीच पाठवला होता. जुन्या खोलीतल्या पुस्तकांची यादी केली होती, स्कॅनिंगच्या खर्चाचे दरपत्रक जोडले होते. तिच्या भेटीनंतर दीड महिन्याने तो प्रस्ताव परत आला. शेरा एका ओळीचा होता: सर्व ग्रंथ प्रताधिकारमुक्त (कॉपीराइट संपलेले) असल्याचे किंवा हक्कधारकांची लेखी संमती असल्याचे प्रमाणपत्र जोडावे. शेरा लिहिणाऱ्यावर माझा राग नाही. समोर जो कायदा होता त्याला धरून त्यांनी लिहिले. म्हणून हे पत्र त्यांना नाही, आपल्याला आहे. प्रताधिकार अधिनियम, १९५७ आपल्या विभागाच्या अखत्यारीत येतो.

प्रमाणपत्र मिळवण्याचा प्रयत्न केला नाही असे नाही. कादंबरीच्या श्रेयपृष्ठावर ‘सर्व हक्क लेखिकेचे स्वाधीन’ असे छापले आहे. खाली पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या एका वाड्याचा पत्ता आहे. त्या पत्त्यावर पत्र पाठवले, ते परत आले. मग सुट्टी काढून स्वतः गेले. वाड्याच्या जागी इमारत उभी आहे, आणि तिथल्या कुणालाही त्या नावाचे बिऱ्हाड आठवत नाही. प्रकाशनसंस्था बंद झाली आहे. छापखानाही राहिलेला नाही. लेखिकेचे नाव सासरचे आहे. माहेरचे नाव कुठेच दिलेले नाही. त्या काळच्या पुष्कळ लेखिकांचे हेच आहे. एक पुस्तक माहेरच्या नावाने, दुसरे सासरच्या, तिसरे टोपणनावाने. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची एकहाती करून ठेवली, पण ही कादंबरी त्यानंतरची. लेखिका कधी वारल्या हे कोण सांगणार? कदाचित अजून हयातही असतील. मी तशी आशा सोडलेली नाही.

आणि कायद्याचे सगळे गणित त्याच एका तारखेवर उभे आहे. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे. मुळात ही मुदत ५० वर्षांची होती, १९९२ च्या दुरुस्तीने ती ६० झाली. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले, म्हणून त्यांचे साहित्य १ जानेवारी २०११ ला सर्वांचे झाले आणि त्यानंतर किती प्रकाशकांनी किती रूपांत ते घराघरांत पोहोचवले हे आम्ही ग्रंथपालांनी पाहिले आहे. आचार्य अत्रे आणि अण्णा भाऊ साठे दोघेही १९६९ चे, त्यांची तारीख १ जानेवारी २०३०. मोठ्यांच्या पुण्यतिथ्या साजऱ्या होतात, त्यांची मुदत बोटांवर मोजता येते. मालतीबाई बेडेकर २००१ मध्ये गेल्या, म्हणजे ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने त्यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या कथा २०६१ च्या अखेरपर्यंत बंधनात राहतील. प्रकाशनापासून १२८ वर्षे. तरी त्यांच्याबाबत निदान तारीख सांगता येते. तालुक्याच्या शाळेत शिकवणारे, एखाद-दुसरे पुस्तक लिहून गेलेले शेकडो लेखक आहेत, त्यांची पुण्यतिथी फक्त त्यांच्या घरात पाळली जाते, आणि ते घर आम्हाला सापडत नाही.

कागद एवढा थांबत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली टंचाई आणि त्यानंतरची वर्षे यांतला बराच कागद लाकडाच्या लगद्याचा, आम्लाचा अंश असलेला आहे. तो आतूनच जळत जातो. कसर, वाळवी आणि पावसाळ्यातली ओल हे वेगळेच. २५ व्या वर्षी, १९५० साली कुणी पुस्तक लिहिले आणि सत्तरीत, १९९५ साली ते वारले, तर ते पुस्तक १ जानेवारी २०५६ ला मोकळे होईल. आमच्या जुन्या खोलीतले एकही पुस्तक तोवर टिकणार नाही, हे मी अनुभवावरून लिहून देते.

आता कायद्यात ग्रंथालयांसाठी जे आहे त्याबद्दल. ते काहीच नाही असे मी म्हणणार नाही. कलम ५२ मध्ये आमच्यासाठी सवलती आहेत. मी त्या पुन्हा पुन्हा वाचल्या आहेत, वकील मित्रांकडून समजून घेतल्या आहेत. प्रत्येक सवलत एका पायरीवर येऊन थांबते.

‘बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला’ आपल्याकडच्या छापील किंवा इतर बिगर-डिजिटल साहित्याची जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवता येते. पण असे ग्रंथालय म्हणजे कोणते, याची व्याख्या कायद्यात नाही. महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली शासनमान्यता मिळालेली हजारो वाचनालये आहेत. ती बहुतेक सार्वजनिक संस्थांनी चालवलेली आहेत, शासनाचे अनुदान घेतात आणि वाचकांकडून अनामत आणि वर्गणीही घेतात. वर्गणी घेतली म्हणून आम्ही व्यापारी झालो का? मला विचाराल तर नाही. पण माझ्या मताला न्यायालयात काय किंमत आहे? शिवाय ती इलेक्ट्रॉनिक प्रत वाचकाला, वाचनालयातच, एका पडद्यावर दाखवता येईल का याबद्दल कलम गप्प आहे. जतन करा एवढेच ते सांगते, कुणासाठी ते सांगत नाही. आणि अभिलेखागारांचा तर त्यात उल्लेखच नाही. इतिहास मंडळे, संशोधन संस्था, जुन्या संस्थांची दप्तरे यांनी काय करायचे?

याच कलमात एक अट आहे: प्रत मुळात त्या ग्रंथालयाकडे असली पाहिजे. कृष्णाकाठच्या आणि कोकणातल्या आम्हा लोकांना तिचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयाची हजारो पुस्तके पाण्यात गेली. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चे. त्याला २००५ च्या पुराने झोडपले आणि जुलै २०२१ च्या पुराने पुन्हा. भिजून लगदा झालेली पुस्तके ट्रॉलीत भरून नेताना ज्यांनी पाहिली आहेत त्यांना विचारा. पूर येण्याआधी स्कॅन करायला पैसे आणि निर्धास्तपणा नव्हता. पूर गेल्यावर स्कॅन करायला पुस्तक नाही. दुसऱ्या वाचनालयाकडे त्याच पुस्तकाची इलेक्ट्रॉनिक प्रत असेल तर ती आम्हाला सरळ देता येते का? कलम तसे म्हणत नाही. म्हणजे जतनासाठी केलेली प्रत, जतनाची वेळ आली की उपयोगी पडत नाही.

भारतात विक्रीस उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती ग्रंथालयाच्या वापरासाठी करता येतात, अशीही तरतूद आहे. ती चांगली आहे. पण तिथे शब्द आहे ‘पुस्तक’, आणि त्यात पुस्तिका, स्वरलिपीचे कागद, नकाशे, तक्ते, आराखडे यांचा समावेश केला आहे. नियतकालिकांचे नाव नाही.

इथे मला थोडे थांबून लिहावे लागेल, कारण मराठीत नियतकालिक म्हटले की दिवाळी अंक आला. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आजपर्यंत एकही दिवाळी अशा अंकांशिवाय गेलेली नाही असे आम्ही अभिमानाने सांगतो. आमच्याकडे सभासद अजूनही दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी भरतात, नंबर लावतात. मराठी कथा, कविता, व्यंगचित्रे, प्रवासवर्णने, वादविवाद यांतला केवढा तरी भाग पहिल्यांदा दिवाळी अंकात छापला गेला, आणि त्यातला बराचसा नंतर पुस्तकात आलाच नाही. तो फक्त तिथेच आहे. जिल्ह्याच्या ठिकाणाहून निघालेले, दोन-तीन वर्षे चालून बंद पडलेले अंक तर महानगरांतल्या संग्रहांतही मिळत नाहीत. ते मिळाले तर आमच्यासारख्यांच्या माळ्यावर मिळतात.

अशा एका अंकाची परवानगी घ्यायची म्हणजे काय, हे मी एकदा करून पाहिले. १९६० च्या दशकातला एक अंक घेतला. अनुक्रमणिकेत चाळीसच्या आसपास नावे. बाहेरच्या लेखकांनी दिलेल्या मजकुराचा हक्क सहसा ज्याचा त्याच्याकडेच राहतो, संपादकाकडे जात नाही. म्हणजे चाळीस हक्कदार, आणि प्रत्येकाचे वारस. मुखपृष्ठाच्या चित्रकाराचे नाव नाही. आतल्या रेखाटनांखाली फक्त एक अक्षर. कविता दोन टोपणनावांच्या. जाहिरातींची चित्रे कुणाची ते देवाला माहीत. चार महिने शनिवार-रविवार लावून मी सहा जणांच्या कुटुंबीयांपर्यंत पोहोचले. सहाही जणांनी आनंदाने होकार दिला. एका आजींनी फोनवर विचारले, “त्यांची गोष्ट खरंच अजून कुणी वाचतं का?” एकानेही पैसे मागितले नाहीत. उरलेल्या नावांचे पत्ते मिळाले नाहीत. सहा होकार असूनही अंक तसाच माळ्यावर आहे.

आमच्या वाचनालयात शरद व्याख्यानमाला चालायची. १९७८ पासून त्या भाषणांच्या कॅसेट ठेवलेल्या आहेत. टेप आमची, मायक्रोफोन आमचा, ध्वनिमुद्रण आमचे. पण जाहीर भाषणाचा पहिला हक्क कायद्याने वक्त्याचा, आणि तो योग्यच आहे. वक्त्यांपैकी बहुतेक आता नाहीत. कॅसेटची फीत चिकटायला लागली आहे, काहींवर बुरशी आहे. एकदा प्लेअरमध्ये घातली की दुसऱ्यांदा चालेल याची खात्री नाही. जतनाची जी तरतूद आहे ती या ध्वनिफितींना पुरेशी आहे का, त्या श्रोत्यांना ऐकवता येतील का, याचे स्पष्ट उत्तर मला कुणी दिलेले नाही.

हस्तलिखितांचे आणि पत्रांचेही तसेच. ग्रंथालयात ठेवलेले अप्रकाशित लेखन अभ्यासासाठी उतरवून घेता येते, पण लेखक कोण हे माहीत असेल तर त्याच्या मृत्यूला ६० वर्षे झाल्यावरच. १९८० साली गेलेल्या एका स्वातंत्र्यसैनिक शिक्षकांनी आपली पत्रे विश्वासाने आमच्या स्वाधीन केली. या तरतुदीने ती अभ्यासकाला द्यायची तर २०४० उजाडावे लागेल. नाव लिहून ठेवले म्हणून ही अडचण. निनावी असती तर अभ्यासकाला मिळाली असती.

हक्कदार सापडत नसेल तर कायद्यात कलम ३१ क (इंग्रजीत 31A) आहे, त्याखाली परवाना मागता येतो, असे आपण म्हणाल. होय, मी ते पाहिले. अर्ज करण्याआधी आपला प्रस्ताव देशाच्या बहुतांश भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात प्रसिद्ध करावा लागतो. १९५१ च्या मराठी कादंबरीच्या लेखिकेचे वारस शोधायला इंग्रजी दैनिक! मराठी दैनिकाची सक्ती नाही. स्थानिक भाषेतल्या दैनिकाचा उल्लेख येतो तो फक्त अनुवादासाठी. अशा जाहिरातीचा खर्च आमच्या वर्षाच्या ग्रंथखरेदीला भारी पडेल, आणि तो एका पुस्तकासाठी. पुढे अर्ज कुठे करायचा? पूर्वी कॉपीराइट मंडळ होते. २०१७ मध्ये त्याचे काम बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे गेले. २०२१ मध्ये ते मंडळही बरखास्त झाले. आता न्यायालयाची पायरी चढावी लागते. तालुक्याच्या वाचनालयाने, जिथे ग्रंथपालाचे वेतनच वेळेवर होत नाही, तिथून वकील करून एकेका पुस्तकासाठी न्यायालयात जावे, अशी अपेक्षा खरोखर आहे का?

चुकले तर काय होईल हेही आम्हाला ठाऊक आहे. कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. नफ्याचा हेतू नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते, हे खरे. पण मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे स्पष्ट केले. त्यानंतर आमच्या कार्यकारिणीत स्कॅनिंगचा विषय निघाला की मानद कार्यवाह गप्प होतात. मी त्यांना दोष देत नाही. दुसऱ्या बाजूला, १९५४ च्या ग्रंथ वितरण कायद्याने प्रत्येक प्रकाशकाने नव्या पुस्तकाची प्रत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथली ग्रंथालये यांना पाठवायची असते. पाठवली नाही तर दंड ५० रुपयांपर्यंत, आणि पुस्तकाची किंमत. पुस्तक जतनासाठी न देणाऱ्याला ५० रुपये, आणि जतन करायला निघालेल्याला तुरुंगाची भीती. हे दोन्ही कायदे एकाच देशाचे आहेत.

ई-पुस्तकांबद्दल एवढेच लिहिते की छापील पुस्तक आम्ही विकत घेतो ते आमच्या मालकीचे होते, ई-पुस्तकाचा नुसता परवाना मिळतो, आणि मराठी ई-पुस्तके सार्वजनिक वाचनालयाला देवघेवीसाठी द्यायची नीट व्यवस्थाच नाही.

हे वाचून कुणा लेखकाला वाटेल की ग्रंथपालबाई आमच्या हक्कावर उठल्या. तसे अजिबात नाही. माझा जन्म पुस्तकांत गेला, लेखकाची मिळकत किती तुटपुंजी असते हे मला माहीत आहे. पाचशे प्रतींची आवृत्ती संपायला वर्षे लागतात आणि मानधनाचा धनादेश येतोच असे नाही. नव्या पुस्तकाची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते तेव्हा मला चीड येते. आमच्या सूचनाफलकावर मी त्याविरुद्ध लिहून लावले आहे. बाजारात मिळणारे एकही पुस्तक आम्ही फुकट वाटू इच्छित नाही. मी बोलते आहे ती पुस्तके बाजारातून उठून तीस-चाळीस वर्षे झाली. त्यांच्यातून लेखकाला, वारसाला, प्रकाशकाला, कुणालाच एक रुपया मिळत नाही. त्यांना कुलूप लावून कुणाचे रक्षण होते? लेखकाचा पहिला हक्क वाचला जाण्याचा असतो असे मी मानते, आणि त्या आजींचा फोनवरचा प्रश्न मी विसरू शकत नाही.

यावर उपाय सापडत नाही असेही नाही. युरोपीय संघाने २०१२ मध्येच बेवारस साहित्याबद्दल नियम केले: ग्रंथालयाने प्रामाणिक शोध घ्यावा, त्याची नोंद करावी, आणि मग ते साहित्य लोकांपुढे ठेवावे, हक्कदार पुढे आला तर त्याचा हक्क अबाधित. २०१९ मध्ये बाजारातून गेलेल्या पुस्तकांसाठीही वाट काढली. नॉर्वेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने हक्कदारांच्या संघटनेशी करार करून विसाव्या शतकातली पुस्तके देशातल्या वाचकांना ऑनलाइन खुली केली, आणि लेखकांना त्याचा मोबदला मिळतो. जपानने २०२१ मध्ये कायदा बदलला आणि मे २०२२ पासून त्यांच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयातली, बाजारात न मिळणारी पुस्तके नोंदणी केलेल्या वाचकाला घरबसल्या वाचता येतात. आपल्याकडे डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियासाठी सरकारी खर्चाने लाखो पुस्तके स्कॅन झाली. आज त्यांतली मराठी पुस्तके मी वाचकाला शोधून देते ती सॅन फ्रान्सिस्कोच्या इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेच्या साठ्यातून. ती संस्था आहे म्हणून आमचे चालते. पण हे काम आपल्या देशातल्या संस्थेने, आपल्या कायद्याच्या आधाराने करायला हवे होते.

आपल्याच देशातल्या न्यायालयाने उदार दृष्टी दाखवलेली आहे. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्स दुकानाविरुद्ध तीन बड्या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला, तेव्हा २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिक्षणासाठी केलेल्या प्रतींची बाजू उचलून धरली. पण ती सवलत शिक्षक आणि विद्यार्थी यांची आहे. आमचा वाचक कुठल्याच वर्गात बसलेला नाही. निवृत्त पोस्टमन, शिवणकाम करणारी बाई, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास संपवून कादंबरी मागणारा मुलगा, हे आमचे वाचक.

आणि आता ज्यामुळे हे पत्र लिहायचे थांबवता आले नाही ते सांगते. डिसेंबर २०२५ मध्ये आपल्याच विभागाच्या समितीने कृत्रिम बुद्धिमत्ता आणि प्रताधिकार यांवरचा कार्यपत्र प्रसिद्ध केला. त्यात असा प्रस्ताव आहे की कायदेशीर मार्गाने मिळवलेले सर्व साहित्य यंत्रांच्या प्रशिक्षणासाठी वापरायला कंपन्यांना एक सरसकट सक्तीचा परवाना द्यावा. प्रत्येक लेखकाला शोधून परवानगी घेण्याची गरज नाही, मोबदला एका मध्यवर्ती संस्थेमार्फत वाटावा. तो प्रस्ताव बरा की वाईट यावर लेखक बोलतील. माझा प्रश्न साधा आहे. एकेक हक्कदार शोधणे अशक्य आहे ही अडचण कंपन्यांच्या बाबतीत आपल्याला काही महिन्यांत समजली. तीच अडचण सार्वजनिक ग्रंथालये वर्षानुवर्षे सोसत आहेत. यंत्राला वाचता यावे म्हणून वाट काढता येते, तर नांदेडहून आलेल्या मुलीला वाचता यावे म्हणून का नाही?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या दिवशी आम्ही वाचनालयात पेढे वाटले. त्याच सरकारकडे मी पुढील मागण्या करते आहे.

कायद्यात ‘बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालय’ याची व्याख्या करा, आणि राज्यांच्या ग्रंथालय कायद्यांखाली मान्यता असलेली, वर्गणी घेणारी वाचनालये तसेच लोकांना खुली असलेली अभिलेखागारे आणि संशोधन मंडळे तिच्यात स्पष्ट शब्दांत आणा.

जतनाची तरतूद नियतकालिके, छायाचित्रे, ध्वनिफिती, चित्रफिती यांनाही लागू असल्याचे स्पष्ट लिहा. केलेली प्रत ग्रंथालयाच्या आवारात वाचकाला पाहता येईल, आणि आपत्तीत पुस्तक गमावलेल्या ग्रंथालयाला दुसऱ्या ग्रंथालयाकडून घेता येईल, हेही लिहा.

बाजारात २० वर्षे किंवा अधिक काळ न मिळणारे साहित्य ग्रंथालयांनी खुले करावे यासाठी वाट काढा. प्रामाणिक शोध कसा घ्यायचा ते नियमांत सांगा, एक सार्वजनिक नोंदवही ठेवा, आणि हक्कदार पुढे आल्यास साहित्य काढून घेण्याचा आणि वाजवी मोबदल्याचा त्याचा हक्क राखा. २० च्या ऐवजी २५ म्हणालात तरी आम्ही ऐकू.

कलम ३१ क खालची जाहिरात साहित्याच्या मूळ भाषेतल्या दैनिकात आणि आपल्या संकेतस्थळावर पुरेशी माना. ग्रंथालयांचे अर्ज न्यायालयाऐवजी कॉपीराइट कार्यालयात, विनाशुल्क, अनेक पुस्तकांसाठी एकत्र घ्या.

ग्रंथालयाच्या कर्मचाऱ्याने नफ्याच्या हेतूशिवाय, जतनासाठी आणि सद्भावनेने केलेल्या कामाला कलम ६३ लागू होणार नाही असे स्पष्ट करा.

अप्रकाशित पत्रे आणि हस्तलिखिते संस्थेच्या स्वाधीन करणाऱ्याने मनाई केली नसेल, तर अभ्यासासाठी ६० वर्षांची अट काढा.

आणि कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी कायद्यात जी दुरुस्ती येईल, त्याच विधेयकात या मागण्यांचा विचार व्हावा. ग्रंथालयांसाठी वेगळे विधेयक नंतर येईल असे सांगितले, तर आम्ही २०५६ पर्यंत वाट पाहू शकत नाही.

राज्याच्या ग्रंथालय संचालनालयालाही या पत्राची प्रत पाठवते आहे. सोबत आमच्या जुन्या खोलीतल्या पुस्तकांची यादी जोडली आहे. तिच्यात लेखकाचे नाव, प्रकाशनवर्ष, प्रकाशक, पुस्तकाची अवस्था आणि लेखकाचे मृत्युवर्ष असे रकाने आहेत. शेवटच्या रकान्यात निम्म्याहून अधिक जागा कोऱ्या आहेत. हे पत्र वाचणाऱ्या कुणाच्या घरी आजी-आजोबांनी लिहिलेले एखादे पुस्तक असेल, तर त्यांचे जन्म-मृत्यूचे साल, माहेरचे नाव आणि तुमचा होकार एका कागदावर लिहून जवळच्या वाचनालयात नेऊन द्या. कायदा बदलेपर्यंत तेवढ्यावर आम्हाला काही पुस्तके सोडवता येतील.

१९५१ च्या त्या कादंबरीचे पान १४७ गेल्या महिन्यात मधोमध दुभंगले. दोन्ही तुकडे पाकिटात घालून मी पुस्तकातच ठेवले आहेत.

आपली विश्वासू,
एका तालुका वाचनालयाची ग्रंथपाल